बर्फ पडणारं हिंगणीचं वावर

सेलू,
८ जून २००९

बाई,

नमस्कार. पाय इथूनच पडते, पुण्यापावतर वाकणं आता कमरेले झेपत नाई.

फोन काऊन नाई केला म्हणशीन. फोनवर तू मले ऐकू येत नाई आन मी तुह्यं ऐकून घेत नाई, हे तुह्यंच म्हणणं. आन लग्न झाल्यापासून आपण दोघी बहिणी पत्रातच भांडलो. आता या वयात कायले सवय मोडायची.

गोष्ट अशी झाली. रिटायर व्हायच्या आधी सरकारनं आमच्या घरच्या हेडमास्तराले एमएस-सीआयटी करायले लावलं. पास झाले, आन तवापासून आपल्याले कम्प्युटर येते असा याईचा समज हाय. आत्मचरित्र लिहितो म्हणून घरी कम्प्युटर आणला. सहा पानं झाली, सातव्या पानावर याईचा जन्म व्हायचा होता, आन तठीच गाडी अडली. मंग तो डब्बा रिकामाच पडून राहे. त्याच्यासंगं नागपूरहून शेतीच्या खेळाची एक सीडी आली होती, जपानी कंपनीची. वखर, पेर, पाणी दे, गाय पाळ. मी म्हणलं, हे तर मले येते.

त्यात मी आपल्या बाबाचं हिंगणीचं वावर जसंच्या तसं मांडलं. उगवतीकडं विहीर, खालच्या अंगानं बोर नदी, बांधाच्या धुऱ्यावर मोहाचं झाड. खेळात कापसाची पऱ्हाटी नाई, तूर नाई, म्हणून शलगम पेरलं आन त्यालेच पऱ्हाटी म्हणते. हिवाळ्यात तठी बर्फ पडते. हिंगणीत बर्फ, बाई. पयल्यांदा मले वाटलं कम्प्युटर बिघडला. मधात बुजगावणं उभं करता येते, त्याचं नाव मी भैयाजी ठेवलं. आपला भाऊबी त्या वावरात नुसता उभाच राह्यला होता.

मी खेळते आन तोंडानं सांगत जाते. हे ते सारं कम्प्युटरमंधी उतरवतात आन इंटरनेटवर व्हिडिओ टाकतात. एक व्हिडिओ चढायले सकाळची दुपार होते, आन मधात लोडशेडिंग आलं का पुन्हा पयल्यापासून. आतापावतर बावीस झाले. पाहणारे तीनशे बारा. त्यात एक ब्राझीलचा हाय, तो दर वेळी इंग्रजीत लिहिते का सुंदर शेत. आपल्या गावचा माणूस बाबाच्या वावराले असं कधी म्हणला नाई.

आता परवा सातवा व्हिडिओ गायब. त्या जागी काळी पाटी, आन लिहिलं का मालकानं कॉपीराइटची तक्रार केली म्हणून काढला. याईनं डिक्शनरी घेऊन मले समजावलं. ज्यानं बनवलं त्याचा हक्क, त्याले विचारल्याबिगर जगाले दाखवायचं नाई. हाव, पण बटईनं वावर करते त्यालेबी अर्धं पीक भेटते ना? जमीन कंपनीची असन, पण पेरणारी तर मी हाय.

ज्यानं कोणं तक्रार केली असन त्याच्या वरणात खडे निंघोत. पंगतीत बसला का त्याले उचकी लागो. तुही सून वकील हाय, तिले विचारून लवकर कळवजो. आन तब्येत सांभाळजो.

तुही,
सुलो


पुणे,
१७ जून २००९

चि. सौ. सुलोचना,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळाले. तुझे 'माह्यं-तुह्यं' वाचून सूनबाई प्रेरणा पोट धरून हसली. पुण्यात आल्यापासून सात वर्षांत मी माझी भाषा पुष्कळ सुधारली. तू निदान लिहिताना तरी प्रयत्न करावास.

प्रेरणाने सांगितले ते लिहिते. खेळातली गाय, झाड, विहीर आणि तो बर्फसुद्धा कंपनीने बनवला, तो त्यांचा. सीडी विकत घेतली म्हणजे घरात बसून खेळायचा हक्क मिळाला, जगाला दाखवायचा नाही. तुझे बोलणे मात्र तुझे. पण ते बोलणे त्यांच्या चित्रावर बसलेले आहे, त्यामुळे चित्र काढले की बोलणेही जाते. कोणी कमाई करत नसेल तर पुष्कळ कंपन्या डोळेझाक करतात. डोळेझाक म्हणजे परवानगी नव्हे. खेळ चांगला की वाईट हे सांगण्यापुरता थोडा भाग दाखवायला कायद्यात वाव आहे, पण तू तसे काही सांगत नाहीस, तू शलगमाला पऱ्हाटी म्हणतेस. बटई कुठेच बसत नाही असे ती म्हणाली.

माझे विचारशील तर मी ते व्हिडिओ अगदी वरवर पाहिले. सातव्यात चौथ्या मिनिटाला तू 'हे माह्यं वावर' असे म्हणालीस, सहाव्या मिनिटाला पुन्हा, आणि शेवटी निरोप घेताना तिसऱ्यांदा. ते बरे दिसत नाही. ज्याचे नाव कागदावर नाही त्याने माझे माझे करू नये. तू हा नाद सोडून द्यावास असे मला वाटते. साठी जवळ आली.

मधुकररावांना नमस्कार. आत्मचरित्रात त्यांनी जन्म घेऊन टाकावा.

तुझी,
आनंदा

ता. क. काल वरणात खरोखरच खडा निघाला. इकडे डाळ निवडलेली मिळत नाही.


सेलू,
२६ जून २००९

बाई,

तुह्यं पत्र दोनदा वाचलं. वरवर पाहून मिनिटं पाठ होतात, हे तुह्यं लहानपणापासूनच हाय.

अठी दोन वाईट गोष्टी झाल्या. पयली म्हणजे अकरावा व्हिडिओबी गेला. त्यात मी गाय घेतली ते होतं. तुले सांगायचं राह्यलं, गाईचं नाव मी आनंदी ठेवलं. आता त्या इंटरनेटवाल्याईनं ताकीद देली का दोन तक्रारी झाल्या, तिसरी आली का आमचं खातंच बंद. म्हणजे एक-दोन नाई, सारेच्या सारे व्हिडिओ जातीन.

दुसरी गोष्ट त्याच्याहून वाईट. मंगळवारी लाईट गेली, आली, पुन्हा गेली, आन आली ती अशी आली का कम्प्युटरमंधून धूर निंघाला. दुकानवाला म्हणे, आतली डिस्क जळली, त्याच्यातलं काईच वाचत नाई. याईची सहा पानं गेली, त्याचं मले दुःख नाई, याईलेबी फारसं दिसत नाई. पण खेळातलं वावर गेलं, बाई. व्हिडिओच्या मूळ प्रतीबी त्यातच होत्या. आता ते वावर फक्त इंटरनेटवरच्या वीस व्हिडिओत उरलं.

खरं वावर कसं झालं तुले मालूम नाई, तू सात वर्षांत गेलीच नाई. भैयाजीनं विकल्यावर तठी प्लॉट पाडले. विहीर बुजवली, मोह तोडला, चुन्याच्या रेघा मारल्या. मी मागच्या वर्षी उभी राह्यली आन मले बाबाची बसायची जागा कोणत्या प्लॉटात येते तेबी सांगता नाई आलं. म्हणून मी तो खेळ मांडला. हसशीन तर हास.

म्हणून सांगते, हा तक्रारवाला जो कोणी हाय, त्याचे गुडघे चढायच्या वेळी दुखोत आन उतरायच्या वेळी जास्त दुखोत. त्याच्या सुनेनं त्याले बिनसाखरेचा चहा देवो. त्याची चष्म्याची दांडी पेपर आल्यावरच तुटो.

मले आता भैयाजीवर शक येऊन राह्यला. बुजगावण्याचं त्याले कोणंतरी सांगितलं असन. येत्या रविवारी नाई तर त्याच्या पुढच्या रविवारी जाऊन चारचौघात विचारते त्याले. होऊन जाऊ दे एकदाचं.

सुलो


पुणे,
४ जुलै २००९

सुलो,

भैयाजीकडं जाऊ नको.

पुणेरी लिहायले बसली होती, तीन कागद फाडले. खोटं लिहायले ते बरं पडते, खरं लिहायले नाई जमत. तक्रार मी केली. पयलीबी आन दुसरीबी. आन तिसरी काल सकाळी केली, तुह्यं पत्र दुपारी आलं. पोस्टमन चार घंटे आधी आला असता तर वाचलो असतो दोघीबी.

आता कशी केली ते ऐक. तुह्यं पयलं पत्र यायच्या आधीपासूनच नातवानं शोधून देलेले तुह्ये सारे व्हिडिओ त्याच्या कम्प्युटरवर पाहत होती. वरवर नाई, एकेक दोन-दोनदा. विहीर दिसली तवा डोये भरून आले. मंग तू म्हणली, हे माह्यं वावर. मले वाटलं एकदा चुकून म्हणली. तू तीनदा म्हणली. खाली तक्रारीची जागा होती, तठी दाबलं तर फॉर्म निंघाला. सेवाग्रामच्या दवाखान्यात मी तीस वर्षं रेकॉर्डले होती. फॉर्म पाह्यला का माह्या हाताले राहवत नाई. त्यानं विचारलं, तुम्ही मालक हाय काय? मी हो म्हणलं. हक्क कोणता? मी लिहिलं, वडिलोपार्जित. कोणती वस्तू विनापरवानगी दाखवली? मी लिहिलं, मौजा हिंगणी, तालुका सेलू येथील वावर, विहीर व मोहाच्या झाडासह. आन सुलो, त्या मशीननं ते घेतलं. तलाठ्यानं कधी एका खेपेत घेतलं नाई.

मले खरंच वाटलं का वावर दाखवायचं तर दोघी बहिणीले विचारलं पाह्यजे. कंपनीचं माह्या डोक्यातच नाई आलं. मंग तू गाईले माह्यं नाव देलं. माह्या अंगाचा तिळपापड झाला. वावर तुह्यं आन मी त्यातली गाय?

खरी गोष्ट वेगळीच हाय. चौऱ्याण्णव साली आपण कचेरीत हक्कसोडावर सह्या केल्या तो दिवस मी विसरली नाई. मी पेन धरून थांबली होती. तू म्हणली, बाई, कर सही, भावासंगं वाईटपणा कायले, बहिणी अशाच सोडतात. मी केली. त्यानं विकलं. आन पंधरा वर्षानं तू एकटीच त्या वावरात उभी राहून माह्यं माह्यं करून राह्यली, आन ब्राझीलचा माणूस तुले सुंदर शेत म्हणून राह्यला.

प्रेरणाले काल सारं सांगितलं. ती आधी हसली, मंग वकिलावानी गंभीर झाली. म्हणे, आई, अशी तक्रार फक्त खरा मालक करू शकते, नाई तर त्यानं नेमलेला माणूस. खोटं मालक म्हणून लिहून देणं हा गुन्हा ठरू शकते. तुह्यं खातं बंद झालं. अठरा तारखेपावतर मी तक्रार मागं नाई घेतली तर सारं कायमचं पुसलं जाईन. मागं घ्यायची म्हणजे एक ओळ लिहून द्यायची: मी याची मालक नाई.

एकच ओळ हाय. कालपासून हात चालत नाई. एकदा लिहून देलं, सुलो. आता पुन्हा माह्याच हातानं लिहू का बाबाचं वावर माह्यं नाई म्हणून?

उचकी थांबत नाई. गुडघ्याचं तर विचारूच नको. तुह्ये शब्द मागं घे.

आनंदा


सेलू,
९ जुलै २००९

बाई,

शब्द मागं घेत नाई. मनापासून देलते. चष्म्याचं तेवढं माफ करते, वाचायले लागन तुले हे पत्र.

मले पयल्या दिवसापासून मालूम होतं. तक्रारदाराचं नाव त्या काळ्या पाटीवरच लिहून येते. इंग्रजीत होतं, पण आनंदा इंग्रजीतबी आनंदाच राह्यते. हे म्हणले, मेहुणीबाईले फोन करून विचारतो. मी म्हणलं, खबरदार, तिचं तिलेच सांगू द्या. मी भैयाजीकडं जाणार नव्हती. तू मुकाट राह्यली असती तर मी त्याच्या नावानं आणखी दोन पत्रं लिहिली असती. पण तू तिसरी करशीन असं मले वाटलं नाई, तठी माह्या हुशारीचं दिवाळं निंघालं.

आता खरं मीबी सांगते. त्या दिवशी कचेरीत, बाई कर सही, हे मीच म्हणलं. मले घाई होती, वाईट म्हणवून घ्यायची भीती होती. तुही सही झाली, तवा कुठं मी केली. पंधरा वर्षांत असा एक सण गेला नाई का मले तुह्या हातातलं ते थांबलेलं पेन आठवलं नाई. व्हिडिओत आमचं म्हणायले गेली का तुह्यं नाव तोंडावर येते, आन तुह्यं नाव आलं का ते पेन येते. म्हणून माह्यं म्हणून पुढं सरकत होती. तो माहा भेकडपणा होता. मालकी नव्हती.

आन गाईचं म्हणशीन तर त्या वावरात सर्वात जास्त दूध तीच देत होती. मी तिले रोज दोनदा हात लावून कुरवाळत होती. बुजगावण्याले कधी हात लावला नाई. एवढ्यावरून समजायले पाह्यजे होतं तुले.

आता कामाचं. ओळ लिहून दे. पण एकटीनं नको लिहू. संगं कागद पाठवते तो पाहा. मी लिहिलं, आम्ही दोघी, कै. नत्थूजी यांच्या मुली, लिहून देतो की खेळातील वावर कंपनीचे आहे, आमच्या दोघींपैकी कोणीही त्याची मालक नाही. भाषा शुद्ध केली, तुह्यासाठी. खाली माह्या सहीची जागा होती, तठी मी सही करून टाकली. या वेळी आधी माह्या हातानं झाली. तुह्या सहीची जागा वर मोकळी ठेवली, मोठ्या बहिणीची. तू पेन धरून पाह्यजे तेवढं थांब. फक्त अठरा तारखेच्या आत कर.

प्रेरणाले म्हणा, कंपनीलेबी एक अर्ज लिहिजो माह्या नावानं. वावर तुमचं, कबूल. पेरायची परवानगी द्या. आम्ही काही विकत नाई, नुसतं दाखवतो.

सुलो


पुणे,
१७ ऑगस्ट २००९

ती. मावशी,

सासूबाईंनी तुमच्या कागदावर सोळा जुलैला सही केली. चार दिवस तो कागद देवघरात होता, मी एकदाही विचारलं नाही. त्या वेबसाइटला बहिणीची सही नको होती, कागदही नको होता, फक्त ती एक ओळ हवी होती. मी ती भरून घेतली आणि तुमचा कागद स्कॅन करून मागे जोडला. वकिलीत इतका अनावश्यक आणि इतका चांगला दस्तऐवज मी पाहिलेला नाही. खातं परत सुरू झालं, बावीसही व्हिडिओ जागेवर आहेत. मी सगळे उतरवून सीडीवर घेतले आहेत, ती सीडी सोबत पाठवते. पुन्हा धूर निघाला तरी काळजी नाही.

कंपनीला तुमचा अर्ज पाठवला होता. बटईचा मुद्दा मी गाळला, क्षमा असावी. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. कमाई करणार नसाल तर खेळाचं चित्र दाखवायला त्यांची हरकत नाही, ही परवानगी ते केव्हाही मागे घेऊ शकतात, आणि एक अट आहे. यापुढे प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला स्पष्ट सांगायचं: 'या चित्रफितीतील शेताचे सर्व हक्क कंपनीचे असून त्यावर आमचा कोणताही हक्क नाही.' हे मराठी मी केलंय, यातला एक शब्दही कमी करू नका. त्यापुढे तुम्ही जे बोलाल ते तुमचं, त्यावर कंपनीचा काही दावा नाही.

सासूबाई महालक्ष्म्यांना तिकडे यायचं म्हणताहेत. सात वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या. त्यांची बॅग कालच भरून झाली आहे. कृपा करून चहात साखर घालू नका, डॉक्टरांनी बंद केली आहे. माझ्यावर अकारण आळ आला आहे.

तुमची,
प्रेरणा


सेलू,
१२ सप्टेंबर २००९

बाई,

तू गेल्यापासून घर शांत हाय आन मले करमत नाई. पोचल्याचा फोन आला, पण काई ऐकू नाई आलं, म्हणून पत्र.

तुह्या सांगण्यावरून, नवी डिस्क टाकून मांडलेल्या नव्या वावरात विहीर दोन चौकोन सरकवली ते बरंच झालं. मी काल डोये मिटून पाह्यलं, तू म्हणली तठीच होती. मोहाच्या झाडाचं मात्र माह्यंच बरोबर हाय, ते मी हलवत नाई. गाई आता दोन हाय. दुसरीचं नाव सुलो ठेवलं तू, ती अजून दूध देत नाई. महालक्ष्म्यांच्या जेवणाले भैयाजी आला तवा त्यानं बुजगावणं पाह्यलं, तू पानं वाढत होती. मले वाटलं आता चिडते. तो त्यावर बोट ठेवून म्हणे, सुलोबाई, मी धुऱ्याच्या जवळ उभा राहत होतो, मधात नाई. मी त्याले धुऱ्याजवळ नेऊन उभं केलं. काय करणार, भाऊच हाय.

आपण दोघीनं केलेला व्हिडिओ याईनं काल चढवला. सकाळी टाकला तो तीन वाजता लागला. मी बसून पुन्हा पाह्यला. मले तर कंपनीची ती ओळ म्हणताच नव्हती आली, आमचा कोणताही हक्क नाई यापाशी दोनदा अडली. तू माह्या हातातून कागद घेतला आन दवाखान्यात नाव पुकारल्यावानी खणखणीत वाचून काढला, एक शब्द नाई सोडला. मले वाटलं संपलं. आता ऐकलं तर कागद खाली ठेवल्यावर तू हळू आवाजात आणखी एक बोलली, तवा माह्या ध्यानातच नव्हतं आलं.

"बाप मात्र आमचा होता."

ब्राझीलवाल्यानं खाली लिहिलं, सुंदर शेत. त्याले काय समजलं असन देव जाणे.

याईनं मले विचारलं, मेहुणीबाईचं ते शेवटचं वाक्य कापू काय, कंपनीनं देलेल्या मजकुरात ते नाई. मी म्हणलं, राहू द्या. ते आपलं हाय.

सुलो